पोटातले जिवाणू आणि मंत्रचळ: आधी काय बिघडतं?

कोरांटी | रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. आठ-नऊ वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबलाय, पण निम्मं सांगून उपयोग नाही.

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. बारावीच्या वर्षापासून त्याला ओसीडी आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात तो. घाणीची, संसर्गाची भीती हा मुख्य त्रास. हात धुण्याचे टप्पे ठरलेले: मनगट, पंजा, बोटांच्या बेचक्या, नखं, मग नळाची चावी, आणि चावीला हात लागला म्हणून पुन्हा मनगटापासून. मध्येच कोणी हाक मारली की सगळं पहिल्यापासून. बेचक्यांतली कातडी फाटून रक्त यायचं. जागेपणी तो तेल लावू द्यायचा नाही, म्हणून त्याला झोप लागली की आई अंधारात चाचपडत खोबरेल लावायची. आपण करतोय त्याला अर्थ नाही हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. तरीही थांबता येत नाही, हाच आजार.

गेल्या वर्षी हा आजार ताटापर्यंत पोचला. आधी पालेभाजी सुटली, कारण तिला माती असते. मग कोशिंबीर, फळं, भाकरी (पीठ गिरणीतून येतं, तिथे कोणाकोणाचे हात लागतात). दही-ताक तर पहिल्याच फटक्यात गेलं. शेवटी उरला कुकरमधून थेट ताटात घेतलेला भात, मीठ आणि पाकीटबंद बिस्किटं. आठ महिने हेच. वजन ११ किलोंनी उतरलं, पोट सतत बिघडलेलं.

दिवाळीत एका नातेवाइकांनी व्हिडिओ पाठवला. ओसीडी डोक्यात नसतोच, आतड्यात असतो, तिथले वाईट जिवाणू साफ केले की गोळ्यांची गरज नाही, असा एकूण सूर. त्यासोबत 'चांगल्या जिवाणूंचे' तीन महिन्यांचे सॅशे, म्हणजे पुड्या. भावाने कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. पाचव्या दिवशी चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. तीन आठवड्यांत धुणं दुप्पट झालं.

पण मला सगळ्यात भयंकर वाटलं ते पुढचं. ज्या मुलाला जिवाणूंच्या भीतीनेच ग्रासलं आहे, त्याला कोणीतरी सांगितलं होतं की घाण तुझ्या आत आहे. आजवर तो हात धुवायचा, आता आतून धुवायला निघाला. मिठाचं पाणी पिऊन उलट्या काढायला लागला. तेव्हा आम्हाला गोळ्यांचं कळलं आणि धावत डॉक्टरांकडे गेलो. आता गोळ्या पुन्हा सुरू आहेत आणि थेरपीही.

त्यानंतर मी दोन महिने यावर जमेल तेवढं वाचलं. मी बँकेत नोकरी करते, हा माझा विषय नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये ओसीडीचे २१ रुग्ण आणि त्याच वयाचे २२ निरोगी लोक यांचे शौचाचे नमुने तपासले. रुग्णांमध्ये जिवाणूंचं वैविध्य कमी होतं, आणि ब्युटिरेट (आतड्याच्या अस्तराला पोसणारं आम्ल) बनवणाऱ्या तीन प्रकारच्या जिवाणूंचं प्रमाणही कमी होतं. हे जिवाणू भाज्या-डाळींमधल्या चोथ्यावर जगतात. आमच्या घरात आठ महिने चोथा नावाची वस्तू त्या ताटात नव्हती. माझ्या भावाचा नमुना घेतला असता तर त्यातही हेच दिसलं असतं ना? आणि तेव्हा कोणीतरी म्हणालं असतं, बघा, याच्या पोटामुळे याला मंत्रचळ झाला. आम्ही तर उलटा क्रम डोळ्यांनी पाहिला आहे. आधी मंत्रचळ, मग ताट रिकामं, मग पोट.

इथे या क्षेत्रातले लोक आहेत म्हणून विचारते. मी चुकते आहे का? पोटाकडून मेंदूकडे जाणारा रस्ता कितपत खरा आहे?

आजोळ | रविवार, रात्री ११:१५

कोरांटी, आईंना माझा नमस्कार सांगा. अंधारात तेल लावणारी ती माऊली डोळ्यांसमोरून हलत नाही.

माझ्या सासूबाईंचं ३० वर्षं 'कडक सोवळं' होतं. धुतलेलं लुगडं वाळत घातल्यावर त्यावरून कावळ्याची सावली गेली तरी पुन्हा भिजवायच्या. सगळे कौतुक करायचे, काय ती निष्ठा! त्या मात्र न्हाणीघरात रडायच्या, ते मी ऐकलेलं आहे. हा आजार आहे आणि यावर औषध आहे हे आम्हाला त्या सत्तरीत गेल्यावर कळलं. तुमच्या भावाला निदान वेळेत नाव मिळालं.

प्रयोगवही | सोमवार, सकाळी ७:५०

कोरांटीताई, तुम्ही चुकत नाही आहात. तुम्ही विचारलेला प्रश्न या क्षेत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते (आतड्यातल्या जिवाणूंवरच, पण ओसीडीवर नाही), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रस्ता खरा आहे, यात शंका नाही. आपल्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात, आणि सगळ्यांचं वजन मिळून पाव किलोच्या आत. आतडं आणि मेंदू यांना जोडणारी व्हेगस नावाची नस आहे. तिच्यातले जवळपास ८० टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडे खबर नेणारे आहेत, उलटे नाहीत. जपानमधल्या क्युशू विद्यापीठात २००४ मध्ये जन्मापासून एकही जिवाणू नसलेले उंदीर घेतले आणि त्यांना थोडा वेळ अडकवून ठेवलं. साध्या उंदरांपेक्षा त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कितीतरी जास्त वाढलं. त्यांना बिफिडोबॅक्टेरियम या आतड्यातल्या जिवाणूचा एक प्रकार दिल्यावर ते नेहमीसारखं झालं. २०११ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या गटाने कॅनडातल्या सहकाऱ्यांसोबत उंदरांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या जिवाणूचा जेबी-१ हा वाण खाऊ घातला. उंदीर कमी घाबरट झाले. मग व्हेगस कापली, तर तोच वाण देऊनही फरक पडेना. इतका स्वच्छ पुरावा जीवशास्त्रात फार कमी वेळा मिळतो.

आता ओसीडीच्या जवळ येऊ. २०१४ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. उंदरांना असं औषध टोचलं की ते एकाच जागी गरगर फिरत राहतात आणि भुशात ठेवलेल्या काचेच्या गोट्या पुरत सुटतात. ज्या उंदरांना आधी दोन ते चार आठवडे लॅक्टोबॅसिलसचा जीजी हा वाण दिला होता, त्यांच्यात हे कमी दिसलं. फ्लुओक्झेटिन (ओसीडीवर देतात ती एक गोळी) दिल्यावर दिसतं साधारण तितकं. तुम्हाला आलेल्या व्हिडिओसारख्या दाव्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा असेच प्रयोग असतात.

पण गोट्या पुरणारा उंदीर म्हणजे तुमचा भाऊ नव्हे. त्या उंदराला औषध टोचून तासाभरापुरतं तसं केलेलं आहे. 'मला हे करायचं नाहीये, तरी करावं लागतंय' ही जी आतली ओढाताण आहे, ती उंदरात मोजायची कशी?

आणि कॉर्कच्याच लोकांनी तो गाजलेला जेबी-१ २०१७ मध्ये २९ निरोगी पुरुषांवर ८ आठवडे तपासला. ताण, चिंता, स्मरणशक्ती, कशातही काही फरक नाही. त्यांनी ते प्रामाणिकपणे छापलं याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. उंदरात चाललं ते माणसात चालेलच असं नाही, हे आम्ही लोक रोज अनुभवतो. बाहेर ते कोणी सांगत नाही.

तुमच्या 'उलटा क्रम' या म्हणण्याला आधारही आहे. स्वमग्न मुलांच्या पोटातले जिवाणू वेगळे असतात, असं कित्येक वर्षं छापून येत होतं. ऑस्ट्रेलियातल्या गटाने २०२१ मध्ये २४७ मुलांचे नमुने तपासले, आणि यावेळी मुलं काय खातात हेही नीट नोंदवलं. निघालं असं की ही मुलं ठरावीक दोन-चारच पदार्थ खातात, आणि बहुतेक फरक त्यामुळे आहे. वागणं आधी, ताट मग, जिवाणू त्याच्यानंतर. तुम्ही स्वयंपाकघरात उभं राहून जे पाहिलंत तेच.

मळ्याची_वाट | सोमवार, सकाळी ९:३०

प्रयोगवही, माहितीबद्दल आभार. पण शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) आतड्यात बनतं हे तर सर्वमान्य आहे ना? आणि ओसीडीच्या गोळ्या सेरोटोनिनवरच काम करतात. मग पोटावर उपचार करणं चूक कसं? आपल्याकडे आयुर्वेदाने मंदाग्नीला रोगांचं मूळ म्हटलंच आहे. मी स्वतः ताक-भाकरीवर आल्यापासून माझी चिडचिड कमी झाली, हे अगदी मनापासून सांगतो.

प्रयोगवही | सोमवार, दुपारी १:०५

मळ्याची_वाट, ताक-भाकरी अजिबात सोडू नका.

सेरोटोनिनचा आकडा बरोबर आहे. ते बनवायला आतड्यातल्या पेशींना जिवाणू मदत करतात, हेही २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेच्या गटाने उंदरांत दाखवलं. पण आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मध्ये जो पडदा आहे तो त्याला आत सोडत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो. पोटातलं सेरोटोनिन आतड्याची हालचाल सांभाळतं. म्हणून तर या गोळ्या सुरू केल्या की पहिले काही दिवस मळमळ, जुलाब होतात. आकडा खरा, पण त्यातून काढलेलं अनुमान टिकत नाही.

रानवाट | सोमवार, दुपारी ३:२०

थोडी वेगळी बाजू मांडते, कारण जिवाणू आणि मंत्रचळ यांचा संबंध आमच्या घरी फार जवळून पाहिला आहे. फक्त तो पोटातला नव्हता, घशातला होता.

मुलगी ७ वर्षांची. घसा दुखून ताप आला, उतरला. दोन आठवड्यांनी एका सकाळी उठली ती वेगळीच मुलगी. रात्रीतून. शाळेच्या बुटांच्या नाड्या ४०-५० वेळा सोडायची-बांधायची, 'आई तू मरणार नाहीस ना' हे दर पाच मिनिटांनी, खांद्याला झटके. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी घशाच्या संसर्गाबद्दल विचारलं नसतं तर आम्ही कुठे कुठे हिंडलो असतो कोण जाणे. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूशी लढायला शरीर जी प्रतिद्रव्यं बनवतं, ती चुकून मेंदूच्या एका भागावर चालून जातात, असं काही मुलांत होत असावं. अमेरिकेतल्या डॉ. सुझन स्वीडो यांनी १९९८ मध्ये अशा ५० मुलांची नोंद छापली आणि त्याला पँडास हे नाव पडलं. यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहेत, हेही आम्हाला स्पष्ट सांगितलं गेलं. तिला संसर्गावरचं औषधही दिलं आणि थेरपीही. आता ११ वर्षांची आहे, ठीक आहे.

सांगायचं इतकंच की मुलात हे एकाएकी, अक्षरशः एका रात्रीत सुरू झालं तर घशाची तपासणी जरूर करून घ्या. कोरांटीच्या भावाचं हळूहळू वाढत गेलेलं दिसतं, ते निराळं.

मनोव्यवहार | सोमवार, रात्री ९:१०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. कोरांटीताई, तुमच्या भावाचे डॉक्टर मी नाही, म्हणून त्यांच्या उपचाराबद्दल काही म्हणणार नाही. सर्वसाधारण चार गोष्टी लिहितो.

गोळ्या अचानक थांबवल्यावर येणारे ते 'विजेचे झटके' नेहमीचे आहेत. बहुतेक वेळा ते जीवघेणे नसतात, पण माणूस हबकून जातो. गोळ्या थांबवायच्याच असतील तर आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या अंतराने पायरीपायरीने उतरवाव्या लागतात. दुसरं, ओसीडीत याच गोळ्या नैराश्यापेक्षा जास्त मात्रेत लागतात आणि फरक दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. चौथ्या आठवड्यात 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून देणारे कितीतरी रुग्ण असतात, आणि सॅशेवाले त्यांनाच गाठतात. हे मी संतापाने लिहितो आहे.

थेरपीचं म्हणाल तर ईआरपी. ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा आणि नंतरचं धुणं, तपासणं, विचारणं रोखायचं. व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये लंडनमध्ये दोन रुग्णांवर ती केल्याचं छापलं. आज जगभर तीच पहिली पसंती आहे. आजार किती खोल आहे ते मोजायला ४० गुणांची एक प्रश्नावली असते, दर काही आठवड्यांनी ती भरून घेतात. घरच्यांनी तो आकडा विचारत राहावं. 'जरा बरं वाटतंय' पेक्षा '३१ वरून २४ वर आलाय' यावर भरवसा ठेवता येतो.

पोटाचं महत्त्व मी नाकारत नाही. औषधं आणि जिवाणू यांचं नातंही दुहेरी आहे. जर्मनीत हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत २०१८ मध्ये हजाराहून जास्त औषधं आतड्यातल्या जिवाणूंच्या ४० वाणांवर तपासली. माणसाच्या पेशींवर काम करण्यासाठी बनवलेल्या औषधांपैकी २४ टक्के औषधांनी किमान एका वाणाची वाढ रोखली. म्हणजे आधीपासून गोळ्या घेणाऱ्या रुग्णाचे जिवाणू वेगळे दिसले, तर ते आजाराने की ताटाने की गोळीने? अभ्यास करणाऱ्यांना हे सगळं वेगळं काढावं लागतं. ते काम चालू आहे आणि चालू राहावं. पण आज माझ्यासमोर बसलेल्या रुग्णाला मी 'हे जिवाणू घे आणि गोळी सोड' असं सांगू शकत नाही.

ज्यांच्या गावात तज्ज्ञ नाही त्यांच्यासाठी: सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत ओसीडीसाठी वेगळं क्लिनिक आहे, अवघड रुग्णांना आम्ही तिथे पाठवतो.

उंबरठा | सोमवार, रात्री ११:५५

लिहू की नको करत होतो. मी स्वतः रुग्ण आहे, १४ वर्षं झाली.

कोरांटी, 'घाण तुझ्या आत आहे' हे वाक्य वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. मलाही एकाने तेच सांगितलं होतं, अगदी चांगल्या मनाने. त्यानंतर मी चार महिने स्वतःची थुंकी गिळायला घाबरत होतो. लोकांना वाटतं, पोटाचा आजार म्हटलं की रुग्णाला बरं वाटेल, मनाचा शिक्का पुसला जाईल. पहिले दोन दिवस वाटतंही तसं. मग आजार त्या माहितीलाही आपल्या कामाला लावतो.

माझ्या थेरपिस्टबाईंनी मला विरजण लावायला लावलं होतं. स्वतःच्या हाताने. कोमट दुधात बोट बुडवून बघायचं, आदल्या दिवसाच्या दह्याचा चमचा त्यात घालायचा, झाकण ठेवायचं आणि रात्रभर ते तसंच राहू द्यायचं. पहिल्या रात्री मी तीनदा उठून ओट्यापाशी गेलो. त्या भांड्यात या क्षणी कोट्यवधी जिवाणू वाढत आहेत आणि ते मी स्वतः सोडले आहेत, हा विचार सहन करत भिंतीला टेकून उभा राहिलो. झाकण उघडायचं नाही, हात धुवायचे नाहीत. सकाळी दही लागलं होतं. मी ते खाल्लं, नुसतं, साखर न घालता, आणि ऑफिसला गेलो.

त्या दह्यातल्या जिवाणूंनी माझ्या मेंदूत काही केलं का? मला नाही वाटत. काम केलं ते त्या रात्रभर उभं राहण्याने. पण त्यानंतर खाणं सुटं झालं, पालेभाजी आली, पोट ताळ्यावर आलं, झोप लागायला लागली. पोट बरं झाल्याने मी आजाराशी भांडायला जास्त ताकदीने उभा राहिलो, हेही तितकंच खरं. उपाशी, जुलाबाने गळलेल्या माणसाला ईआरपी झेपत नाही. त्यामुळे भावाच्या पोटाची काळजी घ्याच, फक्त त्याला 'जिवाणूंसाठी' म्हणू नका. 'जेव' म्हणा.

आजोळ | मंगळवार, सकाळी ६:४०

उंबरठा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

प्रयोगवही | मंगळवार, सकाळी ८:१५

उंबरठा, तुमचा प्रतिसाद मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवू का? नाव-गाव काही नाही, फक्त मजकूर. आम्ही 'वाईट जिवाणू', 'चांगले जिवाणू' हे शब्द सहज वापरतो. ऐकणाऱ्याच्या कानात त्याचं काय होतं, हा विचार आमच्या प्रयोगशाळेत कधी होत नाही.

उंबरठा | मंगळवार, दुपारी १२:३०

जरूर दाखवा.

कोरांटी | गुरुवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लिहायला बसता आलं नाही.

मनोव्यवहार, आकडा विचारला. दिवाळीनंतर ३४ होता, या आठवड्यात २७. आईने तो कॅलेंडरवर गॅसच्या तारखेशेजारी लिहून ठेवला आहे.

उंबरठा, तुमचा प्रतिसाद भावाला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण फोन मागून घेतला आणि स्वतः पुन्हा वाचला. त्याच्याही थेरपीत पायऱ्यांची यादी केलेली आहे, आणि दही त्यात चौथ्या पायरीवर आधीच होतं: आईने लावलेलं, आईच्या हातून वाढलेलं, दोन चमचे भातावर, आणि त्यानंतर अर्धा तास नळापाशी जायचं नाही. महिनाभर तो ही पायरी टाळत होता. काल बसला. मी व्हिडिओ कॉलवर होते. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, घड्याळाकडे बघत होता, आणि आई समोर लसूण सोलत बसली होती, काही न बोलता (तिला तसंच सांगितलेलं आहे, धीर द्यायचा नाही, समजूत घालायची नाही). २२ मिनिटं बसला, मग उठून धुतले. थेरपिस्ट म्हणाल्या, चालेल, पुन्हा २२ पासूनच सुरुवात.

मळ्याची_वाट, भाकरी यादीत नवव्या पायरीवर आहे. गिरणीतल्या पिठाची.

रानवाट, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. माझ्या मैत्रिणीच्या मुलाचं तुम्ही लिहिलंत तसंच एकाएकी सुरू झालं आहे, तिला तुमच्याशी बोलायचं आहे.